एक आठवडा मागे

सगळ्याची सुरुवात एका तापाने झाली, आणि तीही अगदी फालतू तापाने. चांगला दणदणीत आजार असता तर डॉक्टरचा कागद, चार लोकांची सहानुभूती, मॅडमकडून थोडी मुदत, असं काहीतरी पदरात पडलं असतं. हा ताप सत्र सुरू होता होता आला, धाकटीला अंथरुणात लोळवून गेला, आणि ती उठली तेव्हा कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा वर्ग तिच्या एक आठवडा पुढे निघून गेला होता. एक आठवडा म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. पण पुढे गेलेल्याला गाठायचं तर त्याच्यापेक्षा जोरात चालावं लागतं, आणि हा वर्ग तर मुळातच पळत होता.

तिला घरात धाकटीच म्हणत. घर म्हणजे दादा आणि वहिनी. आई-वडील गेल्यावर दादाने तिला वाढवलं, स्वतःचं शिक्षण सोडून तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, आणि या गोष्टीचा त्याने एकदाही उच्चार केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला कधीकधी वाटायचं. बोलून दाखवणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

गेल्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. तेव्हा दादा म्हणाला होता, "त्यात काय? लिफ्ट तरी पहिल्यांदा बटण दाबलं की येते का? पुन्हा दाबायचं." तिने मान डोलावली होती. फक्त विद्यापीठाचा नियम तिने त्याला सांगितला नव्हता. एका विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं. संपूर्ण पदवीतूनच. तिसऱ्यांदा दाबायला बटण नसतं.

या वर्गाला लेखी परीक्षा नव्हती, आणि मुलं सुरुवातीला त्यावर खूश होती, बिचारी. परीक्षेऐवजी प्रत्येकाने सत्रभर एक प्रोसेसर बांधायचा, तारा नि सोल्डरने नव्हे, कॉम्प्युटरवरच, मजकूर लिहून. दर आठवड्याला एक भाग. आधी बेरीज-वजाबाकी करणारा भाग, मग उत्तरं ठेवायचे कप्पे, मग हुकूम वाचणारा भाग, आणि प्रत्येक नवा भाग मागच्याच्या डोक्यावर उभा. मागचा नसेल तर पुढचा ठेवायचा कशावर? सत्र संपताना मॅडम आपला एक प्रोग्रॅम त्या प्रोसेसरवर चालवणार. चालला तर पास. नाही चालला तर नाही.

धाकटीने मागे पडलेल्या सगळ्याच मुली करतात तो उपाय केला. या आठवड्याचं लेक्चर चालू असताना मागच्या आठवड्याचं काम करायचं. ती शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसायची. समोर लॅपटॉप, बोटं चालू, मान खाली. मॅडम फळ्यावर जे सांगत ते तिच्या कानावरून जायचं, जसं शेजारच्या घरातलं बोलणं जातं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. मागच्या आठवड्याचं काम ती वर्ग संपेपर्यंत कसंबसं हातावेगळं करायची, जमा करायची, आणि मोठा श्वास घेऊन या आठवड्याचं काम उघडायची. तेव्हा तिला कळायचं की यातलं आपल्याला अक्षरही येत नाही, कारण हे ज्या तासाला शिकवलं त्या तासाला आपण दुसरंच करत होतो. मग ते काम दुप्पट वेळ खायचं, आणि पुढच्या लेक्चरला पुन्हा खांबाचा आडोसा.

वर्गात तिची हजेरी पूर्ण होती. एकही तास तिने चुकवला नाही. याचा तिला अभिमान वाटायचा, म्हणजे बघा.

तिच्या शेजारी एक मुलगा बसायचा, त्याला सगळे टोपी म्हणत, कारण लोकरीची टोपी त्याच्या डोक्यावरून कधी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. एकदा धाकटी अशीच मान खाली घालून मागच्या आठवड्याचा भाग जोडत होती आणि अचानक सगळा वर्ग खो खो हसला. मॅडम क्वचित विनोद करत, त्यामुळे वर्ग त्यांच्या विनोदाला भरभरून हसत असे, पण हे हसणं खरं होतं. समोरच्या रांगेतल्या एकीने तर डोळे पुसले. धाकटीने मान वर केली. फळ्यावर चौकोन आणि बाण होते, एका बाणावर मॅडमनी मोठी फुली मारली होती.

"काय झालं रे?" तिने टोपीला विचारलं.

"काही नाही गं," तो अजून हसत होता. "मॅडमचे मिस्टर."

मॅडमच्या मिस्टरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा फळा पुसला गेला होता.

मदत मागायला नको होती का? मागितली. एकदा मागितली. मॅडम दुपारी आपल्या खोलीत मुलांच्या शंका ऐकत, बाहेर बाकावर रांग लागे. धाकटी रांगेत बसली. पुढची मुलं आपसात बोलत होती ते ती ऐकत राहिली. त्यांचे प्रश्न तिच्या उत्तरांच्याही पुढचे होते. तिचा नंबर आला. मॅडम चहा पीत होत्या, चेहरा प्रेमळ, त्यांनी खुर्ची दाखवली. धाकटीने प्रश्न विचारला.

"अगं, हे तर आपण मागेच केलं ना?" मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. खरोखरच आश्चर्याने.

"हो हो, आलं लक्षात," धाकटी म्हणाली. काही लक्षात आलेलं नव्हतं. पण तोंडातून ते निघून गेलं, आणि एकदा निघून गेल्यावर बसून राहणार कशी? ती उठली. "अजून काही?" मॅडमनी विचारलं. "नाही मॅडम, एवढंच होतं," असं म्हणून ती बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. पुन्हा ती त्या बाकावर गेली नाही.

घरी मात्र सगळा आनंदीआनंद होता. दादाला या विषयाचं नाव फार आवडायचं. आर्किटेक्चर म्हणजे इमारत, एवढं त्याला माहीत होतं, आणि कॉम्प्युटर ठेवायच्या इमारती आपली बहीण बांधणार अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. तिने एकदा नीट समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा इमारती.

"काय इंजिनिअरबाई," रविवारी जेवताना तो म्हणाला, "कितव्या मजल्यापर्यंत आलं बांधकाम?"

"होत आलंय."

"लिफ्टचं काम मलाच द्यायचं हां. घरच्या माणसाला डावलशील आणि दुसऱ्याला देशील."

"अहो, जेवू द्या तिला," वहिनी म्हणाली. "किती सुकलीय बघा. आणि तुमचं आपलं लिफ्ट, लिफ्ट."

"सुकणारच. डोकं चालवतेय ती. माझ्यासारखं दोर ओढत नाहीये." तो हे कौतुकाने म्हणाला, आणि मग तिच्या ताटाकडे बघून हलकेच विचारलं, "जमतंय ना गं?"

"जमतंय की."

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. दादा चिडला नसता. त्याने दोन दिवस विचार करून काहीतरी वेडगळ उपाय सुचवला असता, आणि तिच्या छातीवरचा धोंडा निदान दोघांनी मिळून उचलला असता. पण तो इतका खुशीत होता की त्याचं हसू आपण काढून घ्यावं हे तिच्याने होईना. तिने घास गिळला. वहिनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सत्राचे शेवटचे आठवडे आले आणि धाकटीच्या मनाने एक विचित्र वळण घेतलं. भीती वाटायची बंद झाली. सकाळी उठायचं, लॅबमध्ये जायचं, काम करायचं, यायचं. आपण बुडतोय हे तिला इतकं पक्कं ठाऊक झालं होतं की त्याचं आता नवल राहिलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे अशाच अवस्थेत तिने सर्वांत अवघड भाग लिहिला.

त्या भागाचं नाव फॉरवर्डिंग. प्रोसेसरमध्ये हुकूम एकामागोमाग एक चालत असतात. पुढच्याचं उत्तर तयार झालेलं असतं, पण ते अजून कप्प्यात पोचलेलं नसतं, आणि मागच्याला तर ते आत्ताच हवं असतं. मग ते कप्प्यात जाईपर्यंत थांबायचं नाही, परस्पर मागच्याच्या हातात द्यायचं. वाटेत भेटलेल्या माणसाने निरोप घरी न ठेवता तिथेच सांगून टाकावा तसं. हे तिने कुणाच्या मदतीशिवाय, पुस्तकातलं एकच पान पुन्हा पुन्हा वाचून, स्वतःच्या डोक्याने उभं केलं. मुलांचं काम जमा करून घेऊन तपासणाऱ्या मशीनने सगळ्या चाचण्यांपुढे हिरवी खूण दाखवली. तिचा विश्वासच बसेना. ती लॅबच्या बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत येऊन पुन्हा पाहिलं. हिरवीच होती.

म्हणजे ती वर्गाच्या बरोबरीला आली होती. पहिल्यांदाच. आणि आता फक्त मॅडमचा शेवटचा प्रोग्रॅम राहिला होता.

तो शेवटच्या दिवशी सकाळी मिळाला. लॅब भरलेली होती. ज्याचा चालायचा तो खुर्ची मागे सरकवून हात वर करायचा, बाकीचे हेव्याने बघायचे. टोपीचा चालला. त्याने टोपी काढून हवेत उडवली, आणि त्याला आतून भरपूर केस आहेत हे कळून सगळ्यांना धक्का बसला. धाकटीसुद्धा हसली. मग तिने आपल्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम चढवला आणि बटण दाबलं.

सुरुवात बरोबर झाली. पहिली उत्तरं बरोबर. मग मध्येच एक उत्तर चुकलं, त्याच्यावरून पुढचं, आणि मग खाली शेवटपर्यंत लाल रांग.

तिने ती प्रत तशीच जमा केली. निदान काहीतरी जमा असू दे म्हणून. किती वेळा जमा करा, शेवटची प्रतच धरणार होते, आणि संध्याकाळी मशीनचं दार बंद होणार होतं. अजून दिवस पडला होता. चूक शोधायची, एवढंच.

आता चूक कुठे शोधणार? जो माणूस सत्रभर मागे राहिला त्याला आपल्या प्रत्येक भागाबद्दल संशय असतो. टोपीला स्वतःचे जुने भाग बरोबर आहेत याची खात्री होती, तो थेट नव्या भागाकडे गेला असता. धाकटीचं उलटं होतं. फॉरवर्डिंग हा एकच भाग तिने मन लावून केला होता, त्याच्यावरच तिचा भरवसा होता. बाकीचं सगळं खांबाआड बसून, घाईत, मान खाली घालून केलेलं. चूक तिथेच असणार. ती जुन्या भागांकडे वळली.

तिने कप्प्यांचा भाग उघडला आणि बदलला. लाल. हुकूम वाचणारा भाग उघडला. त्यातलं काहीतरी खटकलं, ते काढलं. लाल रांग आणखी वर सरकली. मग आधी केलेले बदल तिने परत फिरवले, पण नक्की काय काय बदललं होतं ते आता तिला आठवेना. दुपारपर्यंत तिचा प्रोसेसर साधी बेरीजही धड करेनासा झाला. सकाळची प्रत परत आणावी असं तिच्या मनात आलं. पण ती प्रत तर चुकीचीच होती ना? चुकीचंच परत आणून काय करायचं? माणूस घाबरला की त्याला पुढेच पळावंसं वाटतं. ती पुढे पळत राहिली. लॅब रिकामी होत गेली. टोपी जाताना तिच्या खुर्चीपाशी थांबला. "बघू का मी?" त्याने विचारलं.

"नको, झालंच आहे," ती म्हणाली.

दार बंद होता होता तिने हाताशी असलेलं, मोडलेलं, अर्धवट सांधलेलं जे होतं ते जमा केलं. मशीनने ते गुपचूप घेतलं.

निकाल लागला. ज्यांचा प्रोग्रॅम नव्हता चालला त्यांना लॅबच्या असिस्टंटने बोलावलं. तो स्वतः वरच्या वर्गात शिकणारा एक शांत माणूस, त्याच्या दाढीमुळे मुलं त्याला दाढीच म्हणत. आपलं काय चुकलं ते कळावं म्हणून मॅडमनी ठेवलेली ही सोय. धाकटी त्याच्यासमोर बसली. त्याने तिची शेवटची प्रत उघडली, वरखाली केली आणि थांबला. भूकंप झालेल्या घरात माणूस जसा आधी काय उचलावं या विचारात उभा राहतो, तसा.

"ही राहू दे," तो शेवटी म्हणाला. "सकाळची बघतो."

त्याने सकाळची प्रत उघडली. वाचत गेला. मध्येच त्याची भुवई वर गेली. "फॉरवर्डिंग कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं सर."

"छान लिहिलंय." तो मनापासून म्हणाला. "मग इथे शून्याची अट का नाही घातलीस?"

"कसली अट?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "शून्य नंबरचा कप्पा. त्यात काहीही टाकलं तरी तो शून्यच राहतो, नको असलेलं उत्तर टाकून द्यायला असतो, हे माहितीय ना?"

"हो. माझा कप्पा शून्यच राहतो. मी तपासलंय."

"कप्पा राहतो गं. पण तुझं फॉरवर्डिंग कप्प्यात पोचायच्या आधीच उत्तर मागच्या हुकमाला देतंय. टाकून दिलेलं उत्तर. मागच्याला शून्य हवंय आणि त्याच्या हातात हा कचरा येतोय. बाकी काही चूक नाही. सगळे जुने भाग बरोबर आहेत."

सगळे जुने भाग बरोबर होते.

दाढीने काही न विचारता कीबोर्ड ओढला आणि एक छोटी अट टाइप केली. शून्य नंबर असेल तर परस्पर देऊ नको. मग मॅडमचा प्रोग्रॅम चढवला आणि बटण दाबलं. तो चालला. वरपासून खालपर्यंत, एकही लाल ओळ नाही. शेवटी खाली बरोबर उत्तर उमटलं. तिचा प्रोसेसर. तिने त्याला चालताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या माणसाला वाटलं असेल की हे बघून तिला बरं वाटेल. त्याचा काही दोष नाही.

"हे धरता येणार नाही का?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग अवघडलेपण घालवायला म्हणून म्हणाला, "अगं, मॅडमनी हे वर्गात सांगितलं होतं की, कप्पे झाल्यावर लगेच, पुढे उपयोगी पडेल म्हणून. तो जोक नाही का केला त्यांनी? म्हणाल्या, हा शून्य कप्पा म्हणजे आमचे हे. काहीही सांगा, डोक्यात काही राहत नाही. पण सांगताना शेजारीण जवळून जात असेल तर मात्र जपा, तिला सगळं कळलेलं असतं! आणि बाणावर ही एवढी फुली मारली. सगळा वर्ग हसत होता. तू नव्हतीस का त्या दिवशी?"

"होते," धाकटी म्हणाली.

ती उठली. जिना उतरली. आवारात मुलं बसली होती, ओरडत होती, सुट्टीचे बेत करत होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसतं आतून सगळं सांडून गेल्यासारखं वाटत होतं. चालता चालता तिला पुन्हा पुन्हा तोच फळा दिसत होता, ती फुली दिसत होती, आणि टोपी हसत हसत म्हणत होता, काही नाही गं. ज्या वेळी तो विनोद झाला त्या वेळी ती काय करत होती, हेही तिला आठवलं. शून्य नंबरचा कप्पा नेहमी शून्य राहावा म्हणून ती कप्प्यांच्या भागाला अट घालत होती. मागच्या आठवड्याचं काम.

घरी दादा लवकर आलेला होता. वहिनी स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. "या इंजिनिअरबाई," तो म्हणाला. "आज चेहरा का असा? मॅडमनी ओरडा दिला?"

"नाही. एक जोक सांगितला."

"मग सांग की आम्हाला."

तिने सांगितला. शून्य कप्पा, आमचे हे, शेजारीण, सगळं. का सांगितला ते तिलाही कळलं नाही, बहुधा तो एकदा नीट पुरा ऐकायचा होता. दादा आधी कप्प्यापाशी अडखळला, मग शेजारणीपाशी आला आणि मांडीवर थाप मारून हसला. आतून वहिनी ओरडली, "अगदी तुमचंच वर्णन!" त्यावर तो आणखी हसला.

"उद्या कामावर सांगतो हा," तो म्हणाला. "बघ, आणि म्हणे अवघड विषय. एवढं हसतखेळत शिकवतात तुम्हाला."

"दादा, मी नापास झाले."

"हात्तेच्या." त्याने हात झटकला, पण नजर तिच्यावरच ठेवली. "झालं तर झालं. पुन्हा बटण दाबायचं."

"आता नाही दाबता येत. दुसऱ्यांदा नापास झालं की नाव काढतात. कॉलेजातून. मी तुला सांगितलं नव्हतं."

आत विळीचा आवाज थांबला. दादाच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच राहिलं होतं, ते आवरायचं त्याला सुचलं नव्हतं. तो रागावला नाही. एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टपुढे उभं राहून नेमकं काय अडकलंय ते शोधावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"पण तू तर रोज जात होतीस," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. "रोज जात होते."